रब्बी हेशेल पोपना भेटायला गेले ते योग्य होतं का?

पायवाट:

नमस्कार मंडळी. सध्या रब्बी (म्हणजे ज्यू धर्मगुरू) अब्राहम जोशुआ हेशेल यांच्याबद्दल मिळेल ते वाचतेय आणि एका ठिकाणी पार अडकलेय म्हणून इथे विचारते, या विषयातले जाणकार इथे आहेत हे आधीच्या धाग्यांवरून माहितीय.

हेशेल १९०७ चे, वॉर्सात जन्मलेले, हसिदी या भक्तिमार्गी ज्यू पंथातल्या रब्बींचं मोठं घराणं. बर्लिनला जाऊन बायबलमधल्या संदेष्ट्यांवर डॉक्टरेट केली. १९३८ च्या ऑक्टोबरात नाझींनी फ्रँकफर्टमधून उचलून पोलंडला हाकललं, आणि मग युद्ध सुरू व्हायला जेमतेम सहा आठवडे उरलेले असताना ते वॉर्सातून निसटले आणि लंडनमार्गे १९४० मध्ये अमेरिकेत पोचले. आई आणि तीन बहिणी मागे राहिल्या, त्यातली एकही वाचली नाही. आणि हाच माणूस वीसेक वर्षांनी रोमला जातो, कार्डिनलांसोबत, म्हणजे पोपखालच्या सर्वोच्च धर्माधिकाऱ्यांसोबत, बसतो, मसुद्यांवर टिपणं पाठवतो, पोपना भेटतो. शतकानुशतकं ज्या चर्चच्या प्रवचनांतून ज्यूंना येशूला मारणारे म्हणून देवाचे मारेकरी म्हटलं गेलं त्याच चर्चशी बोलायला. मला याबद्दल फार आदर वाटतो पण नीट उलगडा होत नाही.

एकतर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत (१९६२ ते ६५ मध्ये रोमला भरलेली कॅथलिक बिशपांची परिषद) मतदान बिशपांचं, रब्बीला तिथे मत सोडा, उठून बोलायचाही हक्क नाही, मग हेशेलनी नेमकं केलं काय? शिवाय १९६४ च्या सप्टेंबरात त्यांनी जाहीर निवेदन काढलं की धर्मांतर नाहीतर मरण असं कुणी पुढ्यात ठेवलं तर मी केव्हाही ऑशविट्झला, नाझींच्या त्या मृत्यूछावणीत, जायला तयार आहे, आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत पोप सहावे पॉल यांची भेट घेतली. इतकं निर्वाणीचं बोलून झाल्यावर संवाद कसला उरतो?

आणि सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट म्हणजे रब्बी जोसेफ सोलोव्हाइचिक. तेही पूर्व युरोपातले, तेही बर्लिनला शिकलेले, विद्वत्तेत तसूभरही कमी नाहीत, आणि त्यांनी त्याच वर्षी, १९६४ लाच, स्पष्ट लिहिलं की ख्रिश्चनांशी समाजकार्यात हातात हात घालून काम करा पण श्रद्धेवर चर्चा नको. दोघांचंही वाचलं की ज्याचं वाचते त्याचंच पटतं. तुम्हाला कुणाचं पटतं आणि का, तेवढं मनापासून सांगा.

कागदपत्री:

छान प्रश्न. आधी पहिल्या भागाचं सांगतो कारण हेशेलांच्या कामाची खरी मजबुती पडद्यामागच्या कागदांत आहे, पोपभेटीचा तो एक फोटो डोळ्यापुढे ठेवून त्यांचं मोजमाप केलं की गडबड होते.

सुरुवात हेशेलांनी केलेली नाही हे आधी लक्षात घ्या. १३ जून १९६० ला फ्रेंच ज्यू इतिहासकार ज्यूल इझाक पोप तेविसावे जॉन यांना भेटले. इझाकांची बायको आणि मुलगी नाझींनी मारली होती, आणि त्यानंतरचं आयुष्य त्यांनी एकाच शोधात घालवलं की चर्चच्या शिकवणीत ज्यूंचा तिरस्कार आला कुठून. जॉन यांनी त्याआधी १९५९ मध्येच गुड फ्रायडेच्या प्रार्थनेतून ज्यूंना लावलेलं अपमानास्पद विशेषण काढून टाकलेलं होतं, म्हणजे जमीन तयार होती. मग त्यांनी कार्डिनल ऑगस्टिन बेआ यांच्यावर ज्यूंविषयीचा मसुदा तयार करायचं काम सोपवलं. बेआ जर्मन, जेसुइट या कॅथलिक पंथाचे, ऐंशीच्या घरात आलेले, आणि हयातभर बायबलचा अभ्यास केलेला माणूस.

इथे अमेरिकन ज्यू कमिटी ही तिथल्या ज्यूंची संघटना आली आणि त्यांनी धर्मशास्त्रीय बाजू मांडायला हेशेलांना बोलावलं. कमिटीने १९६१ मध्ये दोन टिपणं दिली, एक कॅथलिक शिकवणीतल्या ज्यूंच्या प्रतिमेवर आणि दुसरं उपासनेतल्या ज्यूविरोधी मजकुरावर. त्याच वर्षी नोव्हेंबरात हेशेल रोमला जाऊन बेआंना भेटले. दोघांचं लगेच जमलं आणि मला त्यात नवल वाटत नाही, एकाने आयुष्य संदेष्ट्यांत घालवलेलं, दुसऱ्याने बायबलच्या पाठात, म्हणजे राजकारणावर यायच्या आधीच बोलायला केवढं तरी होतं. मग मे १९६२ मध्ये हेशेलांनी तिसरं टिपण लिहून दिलं आणि त्यात मागण्या अगदी मुद्देसूद होत्या. ज्यूद्वेष हे पाप आहे असं सांगा आणि देवहत्येचा आरोप नाकारा, ज्यूंना ज्यू म्हणून मोल आहे हे माना म्हणजे उद्याचे ख्रिश्चन या नजरेने त्यांच्याकडे बघणं थांबवा, ख्रिश्चनांना ज्यू धर्माची खरी ओळख होईल अशी सोय करा, आणि हे सगळं होतंय ना हे बघायला व्हॅटिकनमध्ये वरच्या पातळीवर कायमची समिती नेमा.

शेवटची मागणी वाचताना रुक्ष वाटते पण मला तीच सगळ्यात दूरदृष्टीची वाटते. ठराव होतात आणि कपाटात जातात, समिती असली की दर वर्षी कुणाला तरी जाब द्यावा लागतो. तशी समिती झाली १९७४ मध्ये. हेशेल डिसेंबर १९७२ मध्ये गेले होते, त्यांना ती बघायला मिळाली नाही.

आता सप्टेंबर १९६४. बेआंचा मसुदा तोवर बऱ्याच हातांतून गेला होता. परिषदेतल्या जुन्या विचारांच्या बिशपांना त्यात शिकवणीला धोका दिसत होता आणि अरब देशांतल्या बिशपांना धास्ती होती की याचा अर्थ इस्रायलला पाठिंबा असा लावला जाईल आणि त्याची झळ तिथल्या ख्रिश्चनांना बसेल. या ओढाताणीत जो मजकूर बाहेर फुटला त्यात देवहत्येबद्दलचं वाक्य पातळ केलेलं आणि वर ज्यू कधीतरी चर्चमध्ये येतील अशी आशा घातलेली. म्हणजे हेशेलांनी जे नको म्हणून सांगितलं होतं नेमकं तेच. ऑशविट्झचं निवेदन त्यावर आलं. तुम्ही त्याला निर्वाणीचं म्हणताय, मला ते त्या सगळ्या संवादातलं सगळ्यात प्रामाणिक वाक्य वाटतं. समोरच्याला मित्र मानता तर त्याला कळायला हवं की कुठली गोष्ट केली की ही मैत्री संपते. गोड बोलून, मनात ठेवून, बाहेर येऊन कुरकुर करण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं.

मग १४ सप्टेंबरला, योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या तोंडावर, ते पोपना भेटले. सोबत अमेरिकन ज्यू कमिटीचे झकरायाह शुस्टर होते. भेट अर्ध्या तासाहून थोडी जास्त चालली आणि हाती लगेच काही लागलं नाही. त्यावरून ज्यू वर्तुळांतही टीका झाली, व्हॅटिकनच्या दारात कशाला जायचं वगैरे. पण त्याच महिनाअखेर मसुदा परिषदेत चर्चेला आला तेव्हा बिशप एकामागून एक उठून म्हणाले की हा मजकूर लेचापेचा आहे, बोस्टनचे कार्डिनल कुशिंग तर फार पोटतिडकीने बोलले. शेवटी २८ ऑक्टोबर १९६५ ला नोस्त्रा एताते, म्हणजे इतर धर्मांविषयीचं परिषदेचं निवेदन, मंजूर झालं, २२२१ विरुद्ध ८८ मतांनी, आणि त्यात धर्मांतराची आशा नाही. तिथे एवढंच म्हटलंय की एक दिवस, जो फक्त देवाला ठाऊक आहे, सगळे लोक एका आवाजात त्याला हाक मारतील. ही बायबलमधल्या सफन्या संदेष्ट्याची ओळ आहे, म्हणजे जी ज्यू माणूसही खाली मान न घालता म्हणू शकतो. हे एकट्या हेशेलांमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण चर्चच्या मनातली आशा कुठल्या शब्दांत मांडली तर ज्यूंना ती धमकी वाटते आणि कुठल्या शब्दांत वाटत नाही, हे बेआंच्या लोकांना कुणीतरी आतून समजावून सांगावं लागलं आणि ते काम त्यांनी केलं.

उत्तररात्र:

कागदपत्री, तुमचा प्रतिसाद नेहमीसारखाच भरीव. पण मी सोलोव्हाइचिकांच्या बाजूने आहे आणि का ते जरा सविस्तर लिहिते, कारण त्यांचं म्हणणं बरेचदा ऑर्थोडॉक्स (परंपरा काटेकोर पाळणाऱ्या) ज्यू मंडळींचा आडमुठेपणा म्हणून निकालात काढतात आणि मला त्याचं वाईट वाटतं.

ज्यूंना ख्रिश्चनांसोबतच्या धर्मचर्चेचा अनुभव काय आहे ते आधी बघा ना. १२४० मध्ये पॅरिसला ताल्मुद या ज्यूंच्या धर्मशास्त्राच्या ग्रंथावर जाहीर वाद घडवून आणला, रब्बींना उत्तरं द्यायला उभं केलं, आणि पुढे गाड्या भरभरून ताल्मुदच्या प्रती जाळल्या. १२६३ मध्ये बार्सिलोनाला राजासमोर रब्बी नाखमानिदेसना वादाला उभं केलं, समोर ज्यू धर्म सोडून ख्रिश्चन झालेला माणूस. नाखमानिदेस उत्तम बोलले, राजाने गौरवही केला, तरी काही वर्षांत त्यांना देश सोडावाच लागला. १४१३ मध्ये तोर्तोसाला सुरू झालेला वाद तर वर्षाच्यावर चालला. म्हणजे एक बाजू प्रचंड मोठी, तिच्या हाती सत्ता, विषय तिने ठरवायचे, न्यायाधीशही तीच, आणि दुसऱ्या बाजूने फक्त आपली श्रद्धा चुकीची नाही हे सिद्ध करत बसायचं. सोलोव्हाइचिक ब्रिस्कच्या नामांकित रब्बी घराण्यातले, ही सगळी आठवण त्यांच्या घरातच होती. ते म्हणतात की थोड्यांचा समाज आणि पुष्कळांचा समाज जेव्हा समोरासमोर बसतात तेव्हा थोड्यांच्या श्रद्धेचं मोजमाप पुष्कळांच्या मापाने व्हायला नको, आणि ज्याला ज्याची श्रद्धा आहे त्या समाजाचं देवाशी असलेलं नातं इतकं आतलं आहे की ते दुसऱ्याला समजावून सांगताच येत नाही, सांगायला गेलं की ते पातळ होतं.

आणि त्यातला जो मुद्दा मला सगळ्यात खोल वाटतो तो देवघेवीचा. तुम्ही चर्चला म्हणालात तुमची प्रार्थना बदला, तुमची शिकवण बदला, तर उद्या त्यांनी म्हटलं आता तुम्हीही दोन पावलं पुढे या, मग काय करणार? श्रद्धेत अशी अर्धी-अर्धी वाटणी नसते. म्हणून ते म्हणतात आम्ही तुमच्या शिकवणीत ढवळाढवळ करणार नाही, तुम्ही आमच्यात करू नका. गरिबी, वंशभेद, युद्ध, माणसाची प्रतिष्ठा यावर मात्र खुशाल एकत्र या, तिथे आपण सगळे माणूस म्हणून एकाच बाजूला आहोत. यात दुस्वास कुठेय? मला तर यात समोरच्याचाही मान राखलेला दिसतो.

ऑर्थोडॉक्सांमधले मोठे धर्मनिर्णयकार रब्बी मोशे फाइनस्टाइन तर याच्याही पुढे गेले, १९६७ मध्ये त्यांनी अशा बैठकांना जाणंच निषिद्ध ठरवलं. त्या मानाने सोलोव्हाइचिकांनी केवढी मोठी जागा मोकळी ठेवली होती ते दिसतं.

पायवाट ताई, हेशेल गेले नसते तर मसुदा सुधारलाच नसता असं समजू नका. चर्चने होलोकॉस्टनंतर स्वतःच्या विवेकाला धरून जे करायला हवं होतं ते करायला ज्यू माणसाने जाऊन सांगावं लागतं, यातच मला काहीतरी खटकतं. आणि अंतिम मजकुरात देवहत्या हा शब्दच आला नाही, ज्यूद्वेषाच्या निषेधाची भाषाही आधीच्या मसुद्यापेक्षा सौम्य केली. हेशेल त्यावर किती संतापले होते! म्हणजे जाऊनही पदरी पूर्ण पडलं नाहीच.

दीपमाळ:

मी या वादात तिसऱ्याच बाजूने शिरते. आंतरधर्मीय संवाद म्हटलं की सगळे पोप आणि परिषद यावरच बोलतात, पण रब्बींच्या या कामाचा फार मोठा भाग शाळेच्या पुस्तकांत आहे.

रोझ थेरिंग म्हणून डॉमिनिकन पंथाच्या सिस्टर होत्या. त्यांनी सेंट लुइस विद्यापीठात १९६१ मध्ये प्रबंध पूर्ण केला, विषय काय तर अमेरिकेतल्या कॅथलिक शाळांमध्ये धर्माच्या तासाला जी पुस्तकं लावतात त्यात दुसऱ्या लोकांबद्दल काय लिहिलंय. सापडलं ते असं की ज्यूंनी ख्रिस्ताला मारलं, म्हणून त्यांना शाप आहे, म्हणून ते देशोधडीला लागले, आणि हे लहान मुलांना प्रश्नोत्तरांच्या रूपात शिकवलं जायचं. विचार करा, सात-आठ वर्षांचं पोर, समोर प्रेमळ सिस्टर, आणि ती सांगतेय की शेजारच्या घरातल्या लोकांनी देवाला मारलं. ते पोर मोठं होऊन द्वेष करेलच असं नाही पण मनात ती गाठ राहतेच ना. हेच संशोधन अमेरिकन ज्यू कमिटीच्या लोकांनी बेआंच्या कार्यालयापर्यंत पोचवलं. म्हणजे कागदपत्रींनी ज्या पहिल्या टिपणाचा उल्लेख केला त्यामागे एका कॅथलिक सिस्टरने वर्षानुवर्षं चाळलेली पाठ्यपुस्तकं आहेत.

आणि इथे रब्बी मार्क टॅनेनबॉम यांचं नाव घ्यायलाच हवं. १९२५ चे, बाल्टिमोरचे, हेशेलांचे विद्यार्थी, अमेरिकन ज्यू कमिटीच्या आंतरधर्मीय विभागाचे अनेक वर्षं प्रमुख. हेशेलांना रोमच्या कामात ओढण्यात त्यांचा मोठा हात होता. पण त्यांचं आयुष्य प्रामुख्याने अमेरिकेत गेलं, ठिकठिकाणच्या बिशपांशी, पाद्र्यांशी, सेमिनरीच्या (पाद्री घडवणाऱ्या विद्यालयाच्या) प्राध्यापकांशी बोलत, प्रोटेस्टंटांतल्या इव्हँजेलिकल लोकांशी सुद्धा, जिथे बरेच ज्यू पाऊलही टाकायला तयार नव्हते. त्यांच्यातलेच प्रसिद्ध प्रवचनकार बिली ग्रॅहम यांच्याशी त्यांची चांगली मैत्री होती. हेशेलांनी दिशा दाखवली तर टॅनेनबॉमनी रोजच्या रोज त्या वाटेवर चालून दाखवलं, आज या शहरात भाषण, उद्या त्या सेमिनरीत चर्चासत्र, परवा कुणाच्या तरी चुकीच्या विधानावर फोन. हे काम दिसत नाही, त्याला टाळ्याही नाहीत. तरी पाठ्यपुस्तकं बदलली ती याच कामाने.

उत्तररात्र, सोलोव्हाइचिकांचं म्हणणं मला कळतं आणि त्यातली वेदनाही कळते. पण त्यांच्या मांडणीत या पुस्तकांचं काय करायचं? ती ख्रिश्चन शिकवण आहे म्हणून हात लावायचा नाही? शिकवणीत ढवळाढवळ नको हे तत्त्व म्हणून मोठं आहे, पण त्या शिकवणीचा मार ज्याच्या पाठीवर बसतो त्याने गप्प बसायचं का?

उत्तररात्र:

दीपमाळ, नाही, गप्प बसा असं ते म्हणत नाहीत. ज्यूद्वेषाला विरोध हा माणुसकीचा प्रश्न, तिथे बोलायलाच हवं आणि ते बोललेही. त्यांचा विरोध या गोष्टीला आहे की येशू ज्यूंच्या दृष्टीने कोण, देवाचा करार जुना की नवा, असल्या प्रश्नांवर ज्यूंनी टेबलावर बसून वाटाघाटी कराव्यात. पण पाठ्यपुस्तकाचा मुद्दा तुम्ही जिथे आणून ठेवलाय तिथे ही दोन्हींमधली रेघ फार बारीक होते हे मान्य.

कागदपत्री:

रेघ बारीक आहेच, आणि गंमत बघा, हेशेलसुद्धा येशूबद्दल वाटाघाटी करायला कधीच गेले नाहीत. त्यांचं म्हणणं असं की सिद्धांतांच्या पातळीवर आपण वेगळे आहोत आणि वेगळेच राहणार, पण सिद्धांत तयार व्हायच्या आधी माणसाच्या आत जे होतं, भीती, थरकाप, कृतज्ञता, आपण कुणाला तरी उत्तर देणं लागतो ही जाणीव, त्या पातळीवर दोघांना एकमेकांचं कळू शकतं. सोलोव्हाइचिक म्हणतात तेच तर सांगता येत नाही. खरा मतभेद इथे आहे, बाकी व्यवहारात दोघं वाटतात त्याहून बरेच जवळ आहेत.

मंजुळा:

मला एक सांगायचंय, कुणी नीबुर यांचं नाव घेतलं नाही अजून. राइनहोल्ड नीबुर, अमेरिकेतले त्या काळचे सगळ्यात मोठे प्रोटेस्टंट धर्मचिंतक. न्यूयॉर्कला ब्रॉडवेवर एका बाजूला ज्यूइश थिऑलॉजिकल सेमिनरी, जिथे हेशेल शिकवायचे, आणि रस्ता ओलांडला की युनियन थिऑलॉजिकल सेमिनरी, जिथे नीबुर. दोघं रिव्हरसाइड ड्राइव्हवर सोबत फिरायला जायचे. नीबुरनी १९५१ मध्येच हेशेलांच्या पुस्तकावर लिहिताना म्हटलं होतं की हा माणूस फक्त ज्यूंमध्ये नाही तर अमेरिकेच्या एकूण धार्मिक जीवनातच मोठा आवाज होणार. आणि १९५८ मध्ये नीबुरनी छापून सांगितलं की ख्रिश्चनांनी ज्यूंचं धर्मांतर करायचे प्रयत्न सोडून द्यावेत. हे व्हॅटिकन परिषद भरायच्या चार वर्षं आधी, आणि कुठल्याही परिषदेच्या ठरावाशिवाय. एवढा मोठा प्रोटेस्टंट माणूस आपल्याच लोकांना हे ऐकवतो, ते पोकळ सौजन्यातून होत नाही, त्यामागे रोजचा सहवास असतो. १९७१ मध्ये नीबुर गेले तेव्हा अंत्यसंस्कारात हेशेल बोलले.

१९६५ च्या नोव्हेंबरात, म्हणजे रोममध्ये मतदान होऊन दोन आठवडे झाले असतील नसतील, हेशेल रस्ता ओलांडून युनियनमध्ये पाहुणे प्राध्यापक म्हणून गेले. ते उद्घाटनाचं भाषण जरूर वाचा. सुरुवातीलाच ते आपली ओळख देतात की माझ्या मंडळीची स्थापना अब्राहामने केली आणि माझ्या रब्बीचं नाव मोशे. आणि लगेच सांगतात की माझे लोक ज्या आगीत जळून मेले त्या आगीतून ओढून काढलेलं मी एक लाकूड आहे. समोर सगळे ख्रिश्चन विद्यार्थी आणि प्राध्यापक. त्यांना बरं वाटावं म्हणून काही लपवलं नाही, आणि त्यांच्यावर आरोप करून निघूनही गेले नाहीत, त्याच श्वासात पुढे म्हणाले की आंतरधर्मीय संवादासाठी पहिली अट म्हणजे स्वतःकडे श्रद्धा असणं. माझ्या मते पायवाटचा जो प्रश्न आहे ना, की इतकं निर्वाणीचं बोलून संवाद कसा, त्याचं उत्तर या भाषणात आहे. ज्याला आपण कोण हे पक्कं माहीत आहे तोच माणूस दुसऱ्याच्या घरात निर्धास्त जाऊ शकतो.

पायवाट:

सगळ्यांचे मनापासून आभार, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. मंजुळा, ते भाषण आज रात्रीच वाचते. दीपमाळ, रोझ थेरिंग यांच्याबद्दल काहीच माहिती नव्हती, खूप हलवून गेलं.

एक अजून विचारते. उत्तररात्र म्हणाल्या की जाऊनही पदरी पूर्ण पडलं नाही. मग पुढे काय झालं? म्हणजे कागदावर एक गोष्ट झाली, पण जेव्हा खरी वेळ आली तेव्हा हे ख्रिश्चन मित्र उभे राहिले का? कुठे तरी वाचलं की १९६७ मध्ये हेशेल फार निराश झाले होते.

कागदपत्री:

हो, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. १९६७ च्या मे महिन्यात इस्रायलभोवती अरब देशांचं सैन्य जमत होतं, अमेरिकेतल्या ज्यूंना उघड भीती होती की पंचवीस वर्षांत दुसऱ्यांदा आपल्या लोकांचा संहार बघायची वेळ येणार, आणि ज्या चर्चांसोबत इतकी वर्षं बैठका झाल्या होत्या त्यांना फोन गेले की जाहीरपणे बोला. नीबुर, मार्टिन लूथर किंग अशा काही लोकांनी सह्या केल्या. पण मोठ्या चर्च संघटना आणि कॅथलिक बिशपांची परिषद बऱ्याच अंशी गप्प राहिली. कितीतरी रब्बींनी त्यानंतर उघड विचारलं की मग हा संवाद होता कशासाठी, आणि हेशेल, टॅनेनबॉम यांच्यासारख्यांना ते फार लागलं. मला वाटतं राग जूनमध्ये झालेल्या युद्धात बाजू घेतली नाही एवढ्याचाच नव्हता. ज्यू माणसासाठी तो देश, ती भूमी श्रद्धेचा भाग आहे आणि हे ख्रिश्चन मित्रांना इतक्या बैठकांनंतरही कळलेलं नव्हतं, ते जास्त बोचलं. नोस्त्रा एतातेमध्ये भूमीबद्दल चकार शब्द नाही. व्हॅटिकनने इस्रायलशी राजनैतिक संबंधांचा करार केला तो थेट डिसेंबर १९९३ मध्ये.

तरी लोक टेबल सोडून गेले नाहीत. १९७० मध्ये ज्यू संघटनांनी मिळून व्हॅटिकनशी बोलायला कायमची समिती केली. १३ एप्रिल १९८६ ला पोप दुसरे जॉन पॉल रोमच्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) गेले आणि तिथले मुख्य रब्बी एलिओ तोआफ यांनी त्यांना मिठी मारली, आणि पुढे पोपनी मृत्युपत्रात रोमच्या रब्बींची आठवण काढली. पण मधेच जून १९८७ मध्ये त्याच पोपनी ऑस्ट्रियाचे अध्यक्ष कुर्ट वाल्डहाइम यांची भेट घेतली, ज्यांची युद्धकाळातली नाझी सैन्यातली नोकरी नुकतीच उजेडात आली होती. प्रचंड संताप. सप्टेंबरात मायामीला पोप आणि अमेरिकन ज्यू नेत्यांची भेट ठरलेली होती ती मोडायच्या बेतात आली, मग त्याआधी कास्तेल गांदोल्फोला, पोपच्या उन्हाळी निवासस्थानी, बोलावून तासन्‌तास समोरासमोर बोलणी झाली तेव्हा कुठे ती पार पडली. आणि मायामीत रब्बी मोर्देकाय वॅक्समन पोपसमोर उभे राहून जे दुखतंय ते बोलले. १९६४ मध्ये हेशेल टीका सोसत जे करायला गेले होते ते १९८७ पर्यंत रीत झाली होती, की भांडण झालं तर निघून जायचं नाही, जाऊन तोंडावर सांगायचं.

उत्तररात्र:

हे मात्र पटलं. आणि माझ्या बाजूच्या लोकांचंही पुढचं सांगते म्हणजे चित्र पुरं होईल. सोलोव्हाइचिक ज्या अमेरिकन रब्बिनिकल कौन्सिलचे मार्गदर्शक होते, तिनेच युरोपियन रब्बींची परिषद आणि इस्रायलचं मुख्य रब्बीमंडळ यांच्यासोबत एक निवेदन तयार केलं आणि ऑगस्ट २०१७ मध्ये ते पोप फ्रान्सिस यांच्या हाती दिलं. त्यात नोस्त्रा एतातेनंतर चर्चमध्ये झालेल्या बदलाचं मोकळ्या मनाने स्वागत आहे, आणि त्यातच हेही स्वच्छ लिहिलंय की श्रद्धेच्या मुळाशी असलेले भेद मिटणारे नाहीत आणि ते मिटवायचा आमचा हेतूही नाही. त्याआधी डिसेंबर २०१५ मध्ये काही ऑर्थोडॉक्स रब्बींनी वेगळं निवेदन काढलं ते याहून बरंच पुढे जातं, ख्रिश्चन धर्म हा देवाच्या योजनेचा भाग आहे इथपर्यंत, आणि त्यावरून आमच्याकडे अजून वाद चालूच आहे. मला २०१७ चं जास्त जवळचं वाटतं.

पायवाट, वाचायचा क्रम विचारलात तर आधी सोलोव्हाइचिकांचा १९६४ चा निबंध वाचा आणि मग हेशेलांचं युनियनमधलं भाषण. दोन्हीत दीड-दोन वर्षांचंच अंतर आहे. निबंधाचा पहिला भाग उत्पत्तीच्या पुस्तकातल्या आदामावर आहे, तो जड वाटला तरी गाळू नका, पुढचा सगळा युक्तिवाद त्याच्यावर उभा आहे. वाचून झालं की इथेच लिहा, दीपमाळ यांच्या पाठ्यपुस्तकांच्या प्रश्नावर मला अजून बोलायचंय.